हलक्या गाडीला ट्रॅकवर २१५ कशाला?

कामठी रोड
रेसच्या ट्रॅकवर हौसेनं गाडी चालवायला टायर किती रुंद हवा, यावर परवा इथं एका भावानं ठासून लिहिलं, "गाडी हलकी असो का जड, ट्रॅकला जायचं तर २१५ च्या खाली बघूच नका. रुंदी म्हणजे पकड, बाकी सगळं पुस्तकी." त्याखाली स्विफ्टवाल्या एका पोट्ट्यानं लगेच विचारलं, रिम कुठून घेऊ? त्याचे पैसे जायच्या आधी मला लिहिणं भाग आहे.

माझी २०१९ ची स्विफ्ट. पेट्रोल, ८३ पीएस, वजन पावणेनऊशे किलोच्या आसपास. कंपनीचा टायर १८५/६५ आर १५, म्हणजे रुंदी १८५ मिलिमीटर, भिंतीची उंची रुंदीच्या ६५ टक्के, रिम १५ इंची. दोन वर्षांपूर्वी मीही असाच सल्ला ऐकून १६ चे सात इंची अलॉय आणि २०५/५० बसवले. बसवायच्या आधी जुनं आणि नवं चाक इतवारीत काकांच्या दुकानात धान्याच्या काट्यावर ठेवलं. जुनं पंधरा किलो, नवं साडेअठरा. म्हणजे चार चाकांत चौदा किलो वाढले, आणि तेही फिरणारं वजन, स्प्रिंगच्या खालचं.

ती गाडी घेऊन कोइमतूरला करी मोटर स्पीडवेवर गेलो. नागपूरहून चौदाशे किलोमीटरच्या पुढे. हैदराबाद, बेंगळुरू, दोन मुक्काम. ट्रॅक २.१ किलोमीटरचा, वळणामागून वळण. सकाळच्या पहिल्या सत्रात पाच लॅप मारून पिटमध्ये आलो आणि टायरवर तळहात ठेवला. कोमट! रबर चिकट व्हायला ते राबावं लागतं. एवढ्या हलक्या गाडीखाली ते रुंद रबर राबतच नव्हतं. वळणातून निघताना तिसऱ्या गिअरला गाडी ओढेना. दुपारी मित्राचे १९५/५५ आर १५ चढवले, २०० ट्रेडवेअरवाले, म्हणजे मऊ, चिकट, लवकर झिजणाऱ्या रबराचे. लॅप सव्वा सेकंदानं खाली आला.

हलक्या गाड्या बनवण्यात ज्यांची हयात गेली त्यांनी काय बसवलं तेही बघा. १९८९ च्या माझदा एमएक्स-५ ला १८५/६० आर १४. १९९६ च्या लोटस एलिसला पुढं १८५. केटरहॅम १६० ला तर १५५. या लोकांना रुंद टायर मिळत नव्हते काय?

वाडी नाका
माह्यावरच लिहिलं आहे तर उत्तर देऊन राहिलो. भाऊ, तुमी एकाच दुपारी तीन गोष्टी बदलल्या. रुंदी बदलली, रबर बदललं, व्यासही बदलला. २०५/५० आर १६ चा व्यास ६११ मिलिमीटर, १९५/५५ आर १५ चा ५९५. गिअरिंग अडीच टक्के आखूड झालं, म्हणजे त्याच गिअरले ओढ वाढली, वरून २०० ट्रेडवेअरचं रबर. आन् सव्वा सेकंदाचं श्रेय दिलं कोणाला? अरुंदपणाला! हा कोणता हिशोब झाला?

दुसरं. एलिसचा पुढचाच टायर सांगितला, मागचा काहून गाळला? मागं २०५/५० आर १६ होते. इंजिन मागं, गाडी सव्वासातशे किलोची, पुढच्या चाकाईले काम वळायचं आन् ब्रेकचं, ओढायचं नाही. आपल्या गाड्याईचं उलट आहे. वजनाचे साठ टक्के पुढं, वळणं तिथंच, ब्रेकचा भार तिथंच, इंजिनची ओढही तिथंच. तीन माणसांचं काम एका माणसाच्या अंगावर, आन् त्यालेच बारका सदरा घालता?

माही पोलो जीटी टीएसआय, अकराशे किलो. मार्चमध्ये चेन्नईच्या ट्रॅकवर १९५/५५ आर १६ वर गेलो होतो. ३.७ किलोमीटर, करीपेक्षा वेगाचा ट्रॅक. चौथ्या लॅपले पुढचे टायर लोण्यावानी झाले. गाडी वळेचना, सरळ चालली. पुढच्या खेपेले २१५/४५ आर १७ टाकले, वीस मिनिटांचं सत्र शेवटपर्यंत सारखं चाललं. माह्या डोळ्यानं पाह्यलेलं आहे. त्याले पुस्तक लागत नाही.

कामठी रोड
रबराचा मुद्दा खरा आहे, तो मी लिहायला हवा होता. पण त्यानं तुमची बाजू कशी भक्कम होते? मी म्हणतो तेच सिद्ध होतं, आधी रबर, मग रुंदी. आणि एलिसचं म्हणाल तर २००१ च्या दुसऱ्या पिढीत लोटसनं पुढचा टायर १८५ वरून १७५ वर आणला. अरुंद केला! मागचा २२५ केला हे मीच सांगतो, पुन्हा गाळलं म्हणायला नको.

पोलोचं चेन्नईचं तापमान किती होतं? दुपारचं सत्र असणार. हवा किती भरली होती? टायरच्या बाहेरच्या खांद्याची, म्हणजे नक्षीच्या कडेची, अवस्था काय होती? हे सांगितल्याशिवाय "लोणी झालं" याला अर्थ नाही.

अजनी लोको
ट्रॅकचं ट्रॅकवाले बघतील. हे रुंद टायर लावून पोट्टे समृद्धीवर जाऊन राहिले, त्याचं कोणी बोलणार की नाही? सिमेंटचा रस्ता, मे महिना, १२० ची मर्यादा असताना १५० चा काटा, आणि धडाधड टायर फुटतात. माझ्या मामेभावाचा वर्ध्याच्या पुढं फुटला. गाडी दुभाजकाला घासत गेली. देवाची कृपा म्हणून सगळे उतरून उभे राहिले. सिमेंटवर टायर तापतो, नायट्रोजन भरला नाही तर फुटणारच.

हिंगणा टी पॉइंट
नायट्रोजन! दादा, आपण श्वासात घेतो ती हवा ७८ टक्के नायट्रोजनच आहे. गरम झाल्यावर दोन्ही जवळपास सारख्याच फुगतात. फरक ओलाव्याचा, आणि हवा किंचित हळू उतरते एवढाच. मी आठ वर्षं टायरचं दुकान चालवलं. नायट्रोजनची खूण म्हणून व्हॉल्व्हला हिरवी टोपी लावली की गिऱ्हाईक निर्धास्त होतो, आणि मग दोन-दोन महिने प्रेशर बघतच नाही. खरा घात तिथं होतो. कमी हवेचा टायर बाजूच्या भिंतीतून सारखा वाकतो, वाकून तापतो आणि तापून फाटतो. मामेभावाच्या टायरवर चार आकडे काय होते ते विचारा.

अजनी लोको
आठ वर्षं दुकान चालवलं म्हणजे सगळं कळतं असं नाही. गाडीत लहान लेकरू होतं. तुम्हाला थट्टा सुचते.

हिंगणा टी पॉइंट
थट्टेचा एक शब्द माझ्या लिहिण्यात नाही. लेकरू होतं म्हणूनच विचारतो. टायरच्या भिंतीवर डीओटी या अक्षरांच्या पुढं शेवटचे चार आकडे असतात, पहिले दोन आठवडा, पुढचे दोन वर्ष.

अजनी लोको
आत्ता फोन करून विचारलं. स्टेपनी चढवली होती म्हणून फुटलेला टायर अजून त्याच्या गॅरेजात पडलाय. १११६.

हिंगणा टी पॉइंट
म्हणजे २०१६ च्या मार्चमधला. फुटला कधी?

अजनी लोको
गेल्या वर्षी. नक्षी चांगली शिल्लक होती म्हणून बदलला नाही म्हणे. ठीक आहे, टायर जुना होता. पण सिमेंटचा रस्ता साळसूद आहे हे मी मानणार नाही. तासन् तास एकसारखा सरळ रस्ता, माणसाला झापड येते, वेग कळत नाही. आमच्या घरात आता कोणी समृद्धीला लागायचं म्हटलं की आई आधी देवाजवळ दिवा लावते.

वाडी नाका
दादा, झापडीचं एकदम खरं. मी डिसेंबर २०२२ मध्ये रस्ता सुरू झाला त्याच आठवड्यात शिर्डीले गेलो होतो, ५२० किलोमीटर. जालन्याच्या अलीकडं दोनदा गाडी थांबवून तोंड धुतलं. पण त्याचा २१५ शी काय संबंध? टायरवर भाराचा आकडा आन् वेगाचं अक्षर बरोबर असलं तर रुंद टायर काहून फुटन?

रामदासपेठ
समृद्धीसाठी वेगळा धागा काढा, मी तिथंही येईन. मूळ मुद्द्यावर बोलते. मी अभियांत्रिकीत शिकवते, आणि नवऱ्याबरोबर आळीपाळीनं ट्रॅकवर गाडी चालवते.

रुंद टायर म्हणजे जमिनीवर जास्त रबर, हे दोन्ही बाजूंनी गृहीत धरलंय. तसं नसतं. टेकलेल्या रबराचं क्षेत्रफळ ढोबळमानानं भार भागिले हवेचा दाब. स्विफ्टच्या पुढच्या एका चाकावर चालकासकट पावणेतीनशे-दोनशे ऐंशी किलो. तीस पीएसआय म्हणजे दर चौरस सेंटिमीटरला २.१ किलो. भागाकार केला तर १३०-१३५ चौरस सेंटिमीटर. टायरच्या भिंतीही थोडा भार पेलतात, तो सोडा. १८५ असो का २१५, आकडा फारसा हलत नाही, आकार बदलतो. १८५ चा ठसा लांबट, २१५ चा आडवा आणि आखूड. आडव्या ठशाला तेवढंच वळायला कमी कोन लागतो, म्हणून स्टिअरिंग तल्लख वाटतं. दाब कमी ठेवायची मुभा मिळते आणि उष्णता झेलायला जास्त रबर असतं. वाडीच्या दादांना वीस मिनिटं सारखी पकड मिळाली ती यामुळं, यात मला शंका नाही.

पण हे सगळं टायर सपाट टेकला तरच. स्विफ्ट असो का पोलो, पुढं स्ट्रटचं सस्पेन्शन, कंपनीचा कॅम्बर, म्हणजे चाकाचा आत-बाहेर कल, जवळजवळ शून्य. वळणात गाडी कलली की बाहेरचा टायर खांद्यावर उभा राहतो. २१५ पैकी आतला भाग नुसता सोबतीला. दादा, तुमच्या टायरवर खडूनं रेघ मारली होती का? भिंतीवरून नक्षीपर्यंत आडवी रेघ ओढायची, तीन लॅप मारायचे आणि खडू कुठवर पुसला ते बघायचं. भिंतीवरच्या छोट्या त्रिकोणाच्या खाली गेला असेल तर टायर लोळतोय.

आणि कामठी रोड, तळहात म्हणजे थर्मामीटर नव्हे. इन्फ्रारेडची बंदूकही नको. पृष्ठभाग पिटमध्ये येईपर्यंत निवतो. सुई रबरात टोचणारा पायरोमीटर पाहिजे, आत, मध्ये, बाहेर अशी तीन मापं. चुकीच्या मापाचं काय होतं ते नागपूरकरांना सांगायला नको. मे २०२४ अखेर आमच्याच रामदासपेठेत ५६ अंश नोंदले गेले, देशभर बातमी झाली, आणि मग हवामान खात्यानं सेन्सरमध्ये दोष असल्याचं सांगितलं.

वाडी नाका
ताई, खडूची रेघ मारली नव्हती. पण १९५ चे टायर काढले तेव्हा बाहेरचा खांदा खिसणीवर घासल्यावानी झाला होता आन् आतली नक्षी नवी कोरी. हे तुमी म्हणता तसंच निघालं. मी तेव्हा म्हटलं टायर बारीक पडला.

तरी मी मागं हटत नाही. कॅम्बर बरोबर केला तरी मार्च ते जूनमध्ये आपल्या देशात अकराशे किलोच्या गाडीले १९५ पुरत नाही. एमएक्स-५ ची उदाहरणं थंड मुलखातली. तिकडं टायर गरम करायची चिंता, इकडं थंड ठेवायची.

कामठी रोड
ताई, तळहाताचं मान्य. सुईवाला पायरोमीटर घेतो.

वाडीभाऊ, उन्हाचा मुद्दा मी आधी धरला नव्हता. पोलोला, दुपारी, चेन्नईला, २०५ किंवा २१५ समजू शकतो. पण तुम्ही लिहिलं होतं "हलकी असो का जड". माझं भांडण त्या चार शब्दांशी आहे. पावणेनऊशे किलो आणि अकराशे किलो यात सव्वादोनशे किलोचा फरक आहे, तीन माणसं बसवून चालवल्यासारखा. आणि ट्रेलर आपल्यापैकी कोणाकडे नाही. ज्या टायरवर ट्रॅक मारायचा त्याच टायरवर चौदाशे किलोमीटर परत यायचं. गेल्या सप्टेंबरला आदिलाबादच्या अलीकडं धो धो पाऊस लागला. २०५ वर, अर्धी नक्षी ट्रॅकवर ठेवून आलेलो. ८० ला स्टिअरिंग हातात एकदम हलकं झालं, जसं काही चाकं जोडलेलीच नाहीत. बायको शेजारी झोपली होती, तिला मी अजून सांगितलेलं नाही. पाणी बाजूला सारायला आडव्या ठशाला जास्त कष्ट पडतात, हे मी पुस्तकात वाचलेलं नाही.

वाडी नाका
पावसाचं कबूल. मी पावसाळ्यात ट्रॅकले जातच नाही. "हलकी असो का जड" हे जरा जोरात लिहून गेलो. पोलोपुरतं लिहायला पाहिजे होतं, बस. जास्त काही कबूल करून राहिलो नाही.

नंदनवन स्विफ्ट
रिमचं मीच विचारलं होतं. सगळं दोनदा वाचलं. आता नेमकं काय घेऊ? ऑक्टोबरमध्ये करीला पहिल्यांदा जायचंय.

हिंगणा टी पॉइंट
काही घेऊ नको अजून. कंपनीच्या रिमच्या आत रुंदी कोरलेली असते, चाक काढून वाच. साडेपाच इंच असेल तर १९५/६० आर १५ बसेल, व्यास साडेसहा मिलिमीटरनंच कमी. पाच इंच असेल तर १८५ वरच जा, ओढूनताणून बसवू नको. ब्रेकचं तेल मात्र बदल. पहिल्या दिवशी टायरच्या आधी ब्रेक दगा देतात.

रामदासपेठ
आणि कॅम्बर बदलता येणारे बोल्ट. दीड अंश उणे, म्हणजे चाकाचा माथा तेवढा आत, मिळाला तरी १८५ सुद्धा वेगळा टायर वाटेल.

वाडी नाका
नंदनवन, रविवारी सकाळी वाडीले ये, अलाइनमेंटवाला माह्या ओळखीचा आहे, बोल्ट तिथंच टाकून घे. मीही पोलोचे टाकतो. कामठी रोड, तुमचे १९५ आन् माह्याकडचे २०५, दोन्ही २०० ट्रेडवेअर, दोन्ही १५ इंची. याच पोराच्या स्विफ्टवर करीले एकाच सकाळी चढवू. रिम एकसारखे लागतील, ते तुमी पाहा.

कामठी रोड
सात इंची १५ चे चार रिम मित्राकडे आहेत, मागून ठेवतो. ताई, पायरोमीटर कोणता घ्यायचा तेवढं सांगा. आणि वाडीभाऊ, येताना खडू आणा.