मदत हवी आहे: भाला-बंदुकीचं रबर सारखं तुटतंय

एकश्वास: पाण्याखाली बुडी मारून मासे मारायला घरीच सागवानाची भाला-बंदूक केली आहे; रबर ताणून सोडलं की भाल्याची सळई सुटते. नेम चांगला लागतो, पण रबर टिकत नाही. आठवड्यात दुसऱ्यांदा तुटलं. शिल्लक तुकडा एवढासाच आहे आणि नवीन लवकर मिळणार नाही. काय करू? लवकर सांगा.

काळाखडक: रबर कसलं? सायकलची ट्यूब कापून लावली असेल तर विषयच संपला. ती ताणली जाते, पण झटक्यात परत येत नाही.

एकश्वास: ट्यूब नाही हो. लॅटेक्सची नळी आहे, बाहेरून 16 मिमी.

बुडीबहाद्दर: बंदुकीचा नाद सोडा. एक बांबू, मागे रबराचा फास, पुढे तीन काटे. फास अंगठ्यात अडकवायचा, हात पुढे सरकवून काठी धरायची, सोडायची. घोडा नाही, खटका नाही, बिघडायला काही नाही. मी वर्षानुवर्षं तेच वापरतोय.

सुताराचापोर: बांबू मधून फुटला की तळहातात कुसळं. आणि एकश्वास, दांडा एकसंध लाकडाचा की पट्ट्या चिकटवून? एकसंध असेल तर वाकणार, आजच सांगतो.

बुडीबहाद्दर: त्यांनी रबराचं विचारलंय.

सुताराचापोर: तुम्ही तरी कुठे रबराचं सांगितलंत?

काळाखडक: अहो, तुटतंय कुठे ते सांगा. मधोमध की टोकाला? कापलं किती लांब? आणि बंदुकीच्या तोंडापासून, जिथे रबर ओवलंय तिथून, सळईच्या खाचेपर्यंत अंतर किती?

एकश्वास: टोकाला, जिथे दोरी आत जाते तिथेच. 32 सेंमी कापलं होतं. अंतर 80. रबराची दोन टोकं जोडून खाचेत अडकतो तो दोरीचा फास 8.

काळाखडक: मग हिशेब बघा. 80 मधून 8 गेले, 72. दोन्ही बाजूंचे मिळून 144. 32 चे 144 म्हणजे साडेचार पट! साडेतीनच्या पुढे जाऊ नका. 41 तरी कापायला हवं होतं. आणि बांधलंय कशाने?

एकश्वास: तंगूस, मासेमारीचा नायलॉनचा दोरा. घट्ट बसतो.

काळाखडक: घट्ट बसतो आणि सुरीसारखा कापतो. विणलेला जाड दोरा घ्या. फासाच्या दोरीच्या टोकाला गाठ मारून ती नळीत ढकला. तिच्या पाठीमागे बाहेरून दोन वेढे, टोक दोन्ही वेढ्यांखालून ओवायचं आणि दोन्हीकडून ओढायचं. गाठ आत जात नसेल तर साबणाचं पाणी लावा.

एकश्वास: तेल लावलं तर पटकन जाते.

काळाखडक: तेल?? हे आधी सांगायचं ना! तेलाने लॅटेक्स फुगतं, पिठासारखं मऊ पडतं. म्हणूनच टोकाला तुटतंय.

निळीमासोळी: विषय निघालाच आहे तर, माझ्या नव्या मास्कची काच सारखी धुरकटते. काय करावं?

बुडीबहाद्दर: आतून टूथपेस्ट चोळून धुवा, नव्या काचेवर कारखान्यातला थर असतो. नंतर दर वेळी थुंकी पुरते.

एकश्वास: माझं राहूनच गेलं का आता? शिल्लक 36 सेंमीच आहे. 41 कुठून आणू?

काळाखडक: सळईवर 9 सेंमी पुढे दुसरी खाच पाडा कानशीने. ताण साडेतीनवर येतो.

सुताराचापोर: कशाला सळई कमजोर करता? फासाची दोरीच 8 ची 17 करा. तेवढाच ताण कमी होतो, चूक झाली तर दोरी बदलता येते.

काळाखडक: मान्य. हे बरं. फक्त मार थोडा कमी होईल, मासा जवळ येऊ द्यावा लागेल.

बुडीबहाद्दर: म्हणजे शेवटी माझ्या बांबूएवढाच पल्ला.

पाठराखण: एक विचारू? एकटे जाता का? आणि बुडी मारण्याआधी भराभर श्वास घेता का? त्याने ऑक्सिजन साठत नाही, फक्त श्वास घ्यायची हाक उशिरा येते, आणि माणूस वर येता येता बेशुद्ध होतो.

एकश्वास: एकटा नसतो. एक खाली, एक वर. बंदूकही पाण्यात उतरूनच ताणतो. दोरी 17 ची केली, साबणाने गाठ आत गेली. उद्या बघतो.

एकश्वास: वीसेक वेळा मारून झालं, तुटलं नाही. टोकाला बारीक चीर दिसते, ती जुन्या तेलाची की काय?

काळाखडक: तेवढं टोक कापून टाका. किती उरेल?

एकश्वास: 34.

सुताराचापोर: मग दोरी अजून साडेतीन सेंमी वाढवा.