खुराड्याचा प्लाय फुगला, आता भिंतींना काय लावू?

तुरेवाली:
नमस्कार मंडळी, आठ कोंबड्यांचं चार बाय सहा फुटांचं खुराडं आहे, लाकडी सांगाडा अजून ठणठणीत आहे पण भिंतींना साधा प्लाय ठोकला होता त्याची पार वाट लागली. ज्या बाजूने पाऊस झोडपतो तिथली खालची वीतभर पट्टी भिजलेल्या वहीसारखी फुगलीये, परवा बघते तर एक कोंबडी त्याचा पापुद्रा ओढत बसली होती. सगळाच प्लाय काढून टाकावा म्हणतेय. पत्रा, सिमेंट शीट, पॅलेटच्या (मालाखाली ठेवतात त्या लाकडी चौकटीच्या) फळ्या, जुनी दारं, ज्याला विचारावं तो वेगळंच सांगतो. बजेट तंग आहे आणि दरवर्षी हेच काम काढायचं नाहीये. करणार मीच, करवत आणि ड्रिल आहे, बाकी काही नाही.

करवतवाला:
ताई आधी हे सांगा, कापलेल्या कडांना रंग लावला होता का? आणि भिंत जमिनीला टेकलीये का? प्लाय तोंडाने पाणी पीत नाही, कडेने पितो. समोरून तीन हात रंग मारायचा आणि कड कोरीच ठेवायची, हे मी इतक्या ठिकाणी बघितलंय की आता बोलायचा कंटाळा आला. बाहेरच्या कामाला मरीन प्लाय घ्या, त्याचा गोंद पाण्याला दाद देत नाही. ओएसबीच्या, म्हणजे लाकडाच्या ढलप्या दाबून केलेल्या बोर्डाच्या, कडा फुगतात, भुसा-चुरा दाबून केलेल्या पार्टिकल बोर्ड आणि एमडीएफचं तर नावच काढू नका. आणि काहीही लावलंत तरी भिंत जमिनीच्या निदान अर्धा फूट वर संपवा, छतावरून पडलेल्या पाण्याचे शिंतोडे जास्त करून तेवढ्यातच उडतात. छप्पर फूटभर बाहेर काढलंत तर निम्मं काम तिथेच झालं.

पत्राप्रेमी:
एवढा व्याप कशाला, गॅल्व्हनाइज्ड (जस्ताचा मुलामा दिलेला) पन्हळी पत्रा लावा आणि विसरा. कुणाच्या तरी छपराचा उतरवलेला मिळाला तर अजून स्वस्त, जुनी भोकं सीलंटने बुजवायची. कुजत नाही, उंदीर कुरतडत नाही, पाइप लावून धुता येतो. रबरी वॉशरचे स्क्रू घ्या, भिंतीला ते पन्हळीच्या खोलगट भागात मारायचे, छपराला उंचवट्यावर. कापलेल्या कडेचं जस्त गेलेलं असतं, गंज तिथूनच धरतो, तेवढा झिंकचा पेंट फिरवा. आणि हो, काम झाल्यावर खाली पडलेले पत्र्याचे कपटे, स्क्रू एकूण एक वेचा, लोहचुंबक फिरवा. चमकतं ते कोंबडी गिळतेच आणि पोटात जस्त गेलं की विषबाधा होते.

अंडीभर:
पत्राप्रेमी दादा, विसरा म्हणणं सोपं आहे हो. मी चारी बाजूंनी पत्रा ठोकला होता. दुपारी आत हात घातला तर भट्टी, आणि थंडीत पहाटे दार उघडलं तर आतल्या बाजूने थेंब ओघळतायत, खालचा भुसा ओला आणि अमोनियाचा असा भपकारा की डोळ्यातून पाणी. मग शहाणपणा करून आतून थर्माकोल चिकटवला. आठवडाभरात कोंबड्यांनी टोचून टोचून अर्धा खाल्ला, नुसता पांढरा चुरा राहिला 😅 शेवटी पत्रा काढून सांगाड्यावर इंचभर जाडीच्या उभ्या पट्ट्या मारल्या, त्यावर पत्रा बसवला, आतून जुन्या फळ्या. मधली फट खाली-वर उघडी ठेवली, फक्त जाळी लावली, आता गरम हवा वरून निघून जाते. बाहेरून पांढरा रंगही दिलाय. आणि व्हेंटिलेशन दांडीवर बसलेल्या कोंबडीच्या डोक्याच्या वर हवं, अंगावर झोत नको.

भुसाकोंडा:
पॅलेट फुकट मिळतात म्हणून उड्या मारू नका, आधी शिक्का बघा. एचटी असेल तर लाकूड नुसतं तापवलेलं आहे, चालेल. एमबी म्हणजे मिथाइल ब्रोमाइडची धुरी, ते घेऊ नका, तेलकट डाग असतील तर तेही नको. जुन्या दारांच्या रंगात शिसं असू शकतं आणि कोंबड्या रंगाचे पोपडे टोचतातच. पण माझं खरं दुखणं फटी. फळीवर फळी जिथे चढते तिथे लाल माइट, म्हणजे कोंबड्यांचे बारीक किडे, लपून बसतात, दिवसा दिसत नाहीत, रात्री येऊन रक्त पितात. अंधार पडल्यावर पांढरा कागद दांडीच्या खालून घासून बघा, लाल रेघ उमटली तर समजा. मी आता फटी बुजवून वरून दाट चुना मारतो.

तुरेवाली:
बापरे, कागद घासून बघते आज रात्रीच. सिमेंट शीटबद्दल कुणीच बोललं नाही?

करवतवाला:
फायबर सिमेंट टिकाऊ आहे, कुजत नाही, वाळवी लागत नाही. पण जड आणि ठिसूळ, आधी भोक पाडून मगच स्क्रू, नाहीतर कोपरा तुटून हातात येतो. कापताना सिलिकाची धूळ उडते, ओलं करून कापा आणि चांगला मास्क लावा. कुणी जुनी शीट फुकट देत असेल तर अजिबात कापू नका, त्यात अॅस्बेस्टॉस असू शकतं. आठ कोंबड्यांसाठी एवढा उपद्व्याप मी तरी करणार नाही.

तुरेवाली:
ठरलं मग. पावसाच्या बाजूला पट्ट्या मारून पत्रा, आतून फळ्या, बाकी तीन बाजूंचा प्लाय चांगलाच आहे, त्याची फक्त खालची वीतभर कापून तिथे पत्र्याची पट्टी. वर सगळीकडे सहा इंच वेल्डमेश, म्हणजे वेल्ड केलेली तारेची जाळी. आता पट्टी प्लायच्या बाहेरून लावू की आतून?

करवतवाला:
आतून. प्लाय तिच्यावर दोन इंच चढला पाहिजे, म्हणजे प्लायवरून आलेलं पाणी पट्टीवर उतरतं. बाहेरून लावलीत तर पाणी थेट पट्टीच्या मागे शिरेल आणि पुन्हा तीच वही. पट्टीची खालची धार आत दुमडा, नाहीतर कोंबड्यांचे पाय कापतील. आणि ताई, कापलेल्या कडेला रंग आधी, ठोकणं नंतर.