प्रमाणपत्राचे श्रेयांक ‘मेजर’मध्ये धरावेत का?

चर्चाप्रस्ताव
चित्रपट हा मुख्य विषय घेऊन पदवी करणारे अनेक विद्यार्थी जोडीला संकलन, ध्वनी किंवा पटकथेचा प्रमाणपत्र अभ्यासक्रम करतात आणि त्याचे श्रेयांक (क्रेडिट) मेजरमध्ये, म्हणजे मुख्य विषयाच्या श्रेयांकांत, धरावेत, अशी मागणी करतात. माझा तिला विरोध आहे. विद्यापीठ अनुदान आयोगाच्या २०२२ च्या आराखड्यात तीन वर्षांच्या पदवीच्या किमान १२० श्रेयांकांपैकी ६० मेजरचे, २४ मायनरचे (दुय्यम विषयाचे) आणि ९ कौशल्य अभ्यासक्रमांचे आहेत. सॉफ्टवेअर शिकवणाऱ्या प्रमाणपत्राची जागा त्या ९ मध्ये आहे; ६० मध्ये त्याला शिरकाव दिला, तर कात्री लागेल ती चित्रपटाच्या इतिहासाला आणि सिद्धान्ताला, कारण विद्यार्थी सोपे ते आधी निवडतो (आणि त्यात त्याचा फारसा दोषही नाही).

प्रतिसाद १
असहमत. १९२० च्या दशकात सोव्हिएत दिग्दर्शकांनी माँटाजचा, म्हणजे दृश्यांच्या जोडणीतून अर्थ घडवण्याचा, सिद्धान्त मांडला, तो स्वतः फिल्मचे तुकडे जोडता जोडताच. तेव्हा संकलन म्हणजे निव्वळ कौशल्य आणि इतिहास म्हणजे ज्ञान, ही वाटणी या विषयात टिकत नाही. शिवाय पुण्यात एफटीआयआय (भारतीय चित्रपट आणि दूरचित्रवाणी संस्था) आणि राष्ट्रीय चित्रपट संग्रहालय यांनी वर्षानुवर्षे मिळून चालवलेला चित्रपट रसास्वाद अभ्यासक्रम पाहा. त्यात कॅमेऱ्याला हात लावावा लागत नाही. इतिहास, समीक्षा आणि चित्रपट पाहणे हाच त्याचा गाभा आहे. तोही ९ मध्येच कोंबायचा का?

प्रतिसाद २
दोघांच्याही वादात हिशेबाची बाजू राहून जाते आहे. एका श्रेयांकाला व्याख्यानाचे १५ किंवा प्रात्यक्षिकाचे ३० तास लागतात आणि ते श्रेयांक नोंदणीकृत संस्थेकडूनच श्रेयांक पेढीत (विद्यार्थ्यांच्या श्रेयांकांची नोंद ठेवणाऱ्या ‘अकॅडमिक बँक ऑफ क्रेडिट्स’मध्ये) जमा होतात. गल्लीतल्या खासगी क्लासचे प्रमाणपत्र कितीही उत्तम असले, तरी पेढीच्या लेखी ते शून्यच. पहिल्या वर्षानंतर शिक्षण थांबवणाऱ्याला ४० श्रेयांक आणि ४ श्रेयांकांचा व्यावसायिक अभ्यासक्रम यांवर मिळणारे पदवीस्तरीय प्रमाणपत्र ही तर वेगळीच गोष्ट आहे. प्रवेशाच्या वेळी या दोहोंत हमखास गल्लत होते.

चर्चाप्रस्तावक
रसास्वादाचे उदाहरण योग्य आहे, पण त्याने माझा मुद्दा मोडत नाही. आयोगाच्या त्याच आराखड्यात १०० च्या क्रमांक-श्रेणीतले अभ्यासक्रम पायाभूत आणि ३०० च्या श्रेणीतले उच्च पातळीचे मानले आहेत. काही आठवड्यांत नवख्यांना चित्रपट पाहायला शिकवणारा अभ्यासक्रम पहिल्या वर्षाच्या एखाद्या पेपरची जागा घेऊ शकेल. तिसऱ्या वर्षाच्या, शोधनिबंध लिहायला लावणाऱ्या पेपरची नाही. मेजरमधून सवलत मागितली जाते ती मात्र नेमकी तिथेच.

प्रतिसाद १
मग पातळी विभागानेच तपासावी. विद्यार्थ्याने संकलित केलेला लघुपट आणि प्रत्येक कटाचे लेखी समर्थन शिक्षकांसमोर ठेवावे, तोंडी परीक्षा द्यावी आणि उत्तीर्ण झाल्यास संकलनाच्या पेपरमधून सूट घ्यावी. ज्या महाविद्यालयात संकलनकक्षच नाही, तिथे तोच पेपर फळ्यावर शिकवून दिलेले श्रेयांक तुम्ही बिनतक्रार स्वीकारता, त्याचे काय?