मदत हवी आहे: तुळतुळीत डोक्यावर ठसठशीत टॅटू, डिझाइन सुचवा

मंडळी, टक्कल जवळपास पूर्ण झालंय, उरलंसुरलं वस्तऱ्याने काढतो. आता डोक्यावर निव्वळ काळ्या शाईचा टॅटू काढायचाय.

मनात वारलीतला तारपा नाच आहे. मधे तारपा (फुंकून वाजवायचं वाद्य) वाजवणारा, भोवती हात धरून वळत जाणारी रांग. टाळूच्या गोलाईवर हे फार छान बसेल. पण वारली माणसं म्हणजे दोन त्रिकोण आणि काडीसारखे हातपाय. शाई काही वर्षांनी त्वचेत पसरते, त्यात डोक्याला सतत ऊन; बारीक रेषा एकमेकींत मिसळतील. मग मोजक्याच पण मोठ्या आकृत्या घ्याव्यात, की डोकं काळं भरून माणसं त्वचेच्या रंगात मोकळी सोडावीत? मला दुसरं जास्त आवडतंय, मूळ चित्रंही गेरूवर पांढरीच असतात. पण कवटीवर एवढं भरीव काम सोसवेल का? (देवचौक सुचवू नका, तो लग्नात भिंतीवर काढायचा पवित्र चौक. डोक्यावर मिरवायचा नाही.)

रांग कानामागे उतरवावी की जुन्या केसांच्या रेषेशी थांबवावी? बायको म्हणते, आधी मेंदीने काढून बघ. करीनही.

कुणी डोक्यावर काढून घेतला असेल तर फोटो टाका. आणि हेल्मेट किती दिवसांनी घातलंत?