मदत हवी आहे: बीमच्या बाहेरून भिंतीची फ्रेमिंग वेल्ड केली तर चालेल का?

नमस्कार मंडळी, बेळगावात अनगोळला जुन्या घराच्या पुढं खाली दुकानगाळा आणि वर एक खोली काढतोय. गाळ्यात मधे कॉलम नको म्हणून १८ फुटाचा आयएसएमबी २५० (२५० मिमी उंचीचा, आय आकाराचा लोखंडी बीम) टाकलाय, वर डेक शीट (काँक्रीटखालचा नालीदार पत्रा) आणि काँक्रीट. वरची भिंत विटेची नाही, जीआय फ्रेमिंग (जस्त चढवलेल्या पत्र्याचा सांगाडा), बाहेरून सिमेंट बोर्ड आतून जिप्सम, कारण आमच्याकडचा पाऊस माहीत आहेच, पश्चिमेची नऊ इंची भिंतसुद्धा गणपतीपर्यंत ओली ती ओलीच.

आता फॅब्रिकेटर म्हणतोय भिंत बीमच्या सहा इंच बाहेर काढूया, खोली मोठी मिळेल, फ्लँजला (बीमच्या वरच्या-खालच्या आडव्या पट्टीला) अँगलचे तुकडे वेल्ड करतो आणि त्यावर फ्रेमिंग बसवतो, हलकी भिंत आहे ओ, काय होत नाही. इंजिनियर म्हणतात बीम मी सरळ खाली येणाऱ्या वजनाला काढलाय, बाहेर काढायचं तर परत बघायला लागणार. मी धरलेला हिशेब असा, चौरस मीटरला ५० किलो, उंची ३ मीटर, म्हणजे रनिंग मीटरला १५० किलो, हीच भिंत नऊ इंची विटेची केली तर १३०० च्या वर जाते. मग एवढ्या हलक्या भिंतीनं बीमला काय फरक पडणार? आणि खाली शटरशेजारी जे पार्टिशन येणार ते वर बीमला टाईट स्क्रू करायचं की नाही? सांगा की कोणीतरी.

रिप्लाय: वजन हलकं आहे हे बरोबर पण प्रश्न वजनाचा नाहीच, पिळाचा आहे. २५० च्या फ्लँजची रुंदी १२५ मिमी, म्हणजे वेबपासून (बीमच्या मधल्या उभ्या पट्टीपासून) भिंत २०० मिमीच्या पुढं गेली, १५० किलो गुणिले ०.२, दर मीटरला ३० किलो-मीटरचा पीळ. आय सेक्शन उभ्या वाकण्याला दणकट पण पिळाला एकदम लेचापेचा, तिथं बॉक्स (चौकोनी पोकळ सेक्शन) कितीतरी पटीनं भारी. त्यात वाऱ्याचा दाब भिंतीवरून अँगलमधनं खालच्या फ्लँजवर आला तर ती आडवी ढकलली जाते, वरची फ्लँज काँक्रीटनं धरलेली असते, खालचीला कोण धरणार? त्यापेक्षा स्लॅबच सहा इंच बाहेर काढायला सांगा, सळई घालून, आणि ट्रॅक (फ्रेमिंगची आडवी पन्हळ) त्यावर बसवा. अँगलच हवा असेल तर खालच्या फ्लँजपासून स्लॅबला तिरके ब्रेस द्या, जिथं अँगल तिथं वेबला स्टिफनर (आधाराची उभी प्लेट).

पार्टिशन टाईट अजिबात करू नका. आयएस ८०० मध्ये (स्टील बांधकामाचा भारतीय कोड) तडे जाण्यासारख्या फिनिशला बीम झुकण्याची मर्यादा स्पॅन भागिले ३६० धरतात, तुमच्या १८ फुटाला ते १५ मिमी होतं. बीम तेवढा खाली आला तर वरचं लोड त्या पातळ स्टडवर (पार्टिशनच्या उभ्या पट्ट्यांवर) जाणार आणि बोर्ड फुगणार. वर स्लॉटेड ट्रॅक (उभ्या खाचांचा, म्हणजे बीम खालीवर झाला तरी चालतो) घ्या, २० मिमी गॅप सोडा, गॅपमध्ये सीलंट.

धागाकर्ता: धन्यवाद सर, स्लॅब बाहेर काढायचं पटलं, पण डेक शीट अंथरून झालीय, काँक्रीट पुढच्या आठवड्यात. आता काय बदलता येईल?

रिप्लाय: अजून वेळ आहे की, कडेचं शटरिंग बदलायचं आणि वरची सळई आतपर्यंत न्यायची, साईज इंजिनियरकडूनच घ्या. कॉलमशी बीमचा जोड कसा केलाय, नुसता वेबला क्लीट (अँगलचा तुकडा) की एंड प्लेट (बीमच्या टोकाला वेल्ड केलेली प्लेट)? पीळ शेवटी तिथंच जातो. फोटो टाका.