मदत हवी आहे: गल्ला २७० रुपयांनी कमी, चूक सापडत नाही

शटरडाऊन: गल्ला तीनदा मोजला, २७० कमीच. नोटा नीट मोजल्यात, ते विचारू नका. चूक कुठे शोधू? लवकर सांगा, पहाटे दूध येतं.

तराजू: कमी कशाच्या मानाने? सकाळी गल्ल्यात किती होते? खर्च किती? बिलं मशीनवर की हाताने? यूपीआय आहे का?

शटरडाऊन: यूपीआय आता कुणाकडे नसतं! बिलं मशीनवर, उधारी-खर्च वहीत. सुरुवात १,५००, रोख विक्री ८,४६०, वसुली १,१२०, खर्च ६४०. हवेत १०,४४०, आहेत १०,१७०.

तराजू: हे आधीच लिहायचं ना. नेमकं २७० चं बिल आहे का बघा. पैसे यूपीआयने आले आणि बटण रोखीचं दाबलं, तर तेवढीच तूट येते.

नवाचा_पाढा: २७० ला ९ ने भाग जातो, म्हणजे शेजारचे दोन आकडे उलटे पडलेत. ५८० घेतले आणि वहीत ८५० लिहिले की फरक २७०. दशक-शतकात ३ चा फरक असलेल्या रकमाच तपासा.

रोकडवही: ९ ने भाग गेला म्हणजे उलटापालटच, असं नाही. तुटीचं अर्धं करा: १३५. दिलेले १३५ चुकून जमेला लिहिले की एकदा खर्चातून सुटतात आणि वर जमेत वाढतात. फरक दुप्पट पडतो.

नवाचा_पाढा: आधी ९ ची कसोटी, मग अर्ध्याची. हाच क्रम.

रोकडवही: वहीत दहा नोंदी असतील तर १३५ शोधायला अर्धा मिनिट लागतो. तुमच्या क्रमाने सगळी वही चाळावी लागेल.

पावकी_निमकी: सुटा माल तोंडी हिशेबाने देता का? ६४ च्या भावाने पाऊण किलो म्हणजे पाऊणकीने ४८. १८० च्या भावाने साडेतीनशे ग्रॅम: पावाचे ४५, शंभरचे १८, झाले ६३. हल्ली पोरांना पावकी येत नाही, म्हणून ही वेळ.

तराजू: पाढे चुकले तर बिलच चुकीचं बनतं. गल्ला त्या चुकीच्या बिलाशी जुळेलच. इथे त्याचा संबंध नाही.

चिल्लर: दहाच्या नाण्याची सगळी डिझाइन्स चालतात, रिझर्व्ह बँकेने २०१८ साली सांगितलंय. नाकारू नका.

रोकडवही: नाण्यांचं विचारलंय कुणी? मोड देताना मात्र पाहा. बिल ३६२, मशीनवर ५०० टाकले, पडद्यावर परत १३८. तेवढ्यात गिऱ्हाईक वर १२ देतं. आता १३८ मध्ये १२ मिळवून १५० द्यायचे. घाईत कुणी १२६ देतं, कुणी २०० काढून मोकळं होतं. मोड बिलापासून वर मोजत हातात ठेवायची: ३६२, ४१२, ५१२.

शटरडाऊन: २७० चं बिल नाही. १३५ सापडले! पाववाल्याला दिलेले, जमेच्या रकान्यात लिहिलेत. वसुली ९८५, खर्च ७७५, बेरीज १०,१७०. जुळलं.

नवाचा_पाढा: तरी ९ ची कसोटी चुकीची ठरत नाही.

पावकी_निमकी: अडीचकी येते का कुणाला इथे?