बांध कोरला: दावा लावायचा की लोकअदालतीत मिटवायचं?

गटकरी
शेजाऱ्याने बांध कोरून दोन गुंठे आत घेतले की लोक तडक वकिलाकडे. चार आण्याची कोंबडी, बारा आण्याचा मसाला. आधी भूमी अभिलेखकडे हद्दकायम मोजणीचा अर्ज करा. लगतच्या सगळ्या खातेदारांना मोजणीची नोटीस गेली ना, हे स्वतः बघा. एकाला जरी चुकली तरी पुढे तोच मुद्दा काढून नकाशा पाडायला बघतात. ‘क’ प्रत, म्हणजे मोजणीच्या नकाशाची प्रत, हातात आली की तालुका विधी सेवा समितीकडे दाखलपूर्व प्रकरण (दावा न लावताच लोकअदालतीत ठेवायचं) टाका. लोकअदालतीचा निवाडा कोर्टाच्या हुकूमनाम्यासारखाच असतो आणि त्यावर अपील नाही. दाव्यात खालचं कोर्ट, मग जिल्हा न्यायालय, मग हायकोर्ट. दोन गुंठ्यांसाठी?

निशाणी५
आणि समोरचा आलाच नाही तर? लोकअदालत तडजोड नोंदवते, कोणाचं खरं ते ठरवत नाही. त्याने सही नाकारली की कागद जिथल्या तिथे, आणि तोवर त्या दोन गुंठ्यांत विहीर खणून झालेली असते. दाव्यासोबत तूर्तातूर्त मनाईचा, म्हणजे निकालापर्यंत समोरच्याला रोखण्याचा, अर्ज देता येतो. प्रथमदर्शनी केस, कोणाची गैरसोय जास्त, आणि पैशाने भरून न येणारं नुकसान, या तीन गोष्टी दाखवल्या की मिळते. ती मोडली तर तीन महिन्यांपर्यंत दिवाणी कैद. लोकअदालतीला हा दांडका नाही.

गटकरी
मनाई चालू वहिवाट राखते. इथे दोन गुंठे त्याने आधीच नांगरलेत, म्हणजे वहिवाट त्याची. निम्मे दावे इथेच आपटतात: ताबा गेलेला, आणि मागणी फक्त निरंतर (कायमच्या) मनाईची.

निशाणी५
चूक दाव्याची नाही, मागणीची आहे. सर्वोच्च न्यायालयाने 2008 मध्ये अनाथुला सुधाकर प्रकरणात हेच सांगितलंय: ताबा नसेल तर नुसती मनाई मागून भागत नाही, ताबा मागा. ताबा जाऊन सहा महिने झाले नसतील तर विशिष्ट अनुतोष कायद्याचं कलम 6 आहे. तिथे मालकी सिद्धच करावी लागत नाही. सहा महिने उलटले तर मालकीवरून ताब्याचा दावा, मुदत 12 वर्षं, तीही त्याचा ताबा तुमच्या हक्काविरुद्ध झाला तेव्हापासून. आणि कृपा करून सातबारा म्हणजे मालकी असं समजू नका. ती महसुलाची नोंद. खरेदीखत, वाटपपत्र जोडा. विहिरीचं काम सुरू असेल तर मनाई ताब्याच्या दाव्यातही मागता येते; वहिवाट कोणाचीही असो, जागेचं रूप बदलू नये एवढ्यापुरती.

एक मान्य: कैफियत (प्रतिवादीचं लेखी उत्तर) द्यायला 30 दिवस, फार तर 90 असं दिवाणी प्रक्रिया संहितेत असलं तरी साध्या दिवाणी दाव्यात कोर्टं त्यापुढेही सवलत देतात. वेळ जातो.

दरखास्तवाला
दोघंही निकालापर्यंतच बोलताय. खरी पंचाईत त्यानंतर. तडजोडपत्रात किंवा हुकूमनाम्यात ‘प्रतिवादीने उत्तरेचा बांध पूर्ववत करावा’ असं एक वाक्य असतं. पूर्ववत म्हणजे कुठे? बेलीफ शेतात उभा, एक जण बाभळीकडे बोट दाखवतो, दुसरा पाटाकडे, आणि दरखास्त, म्हणजे हुकूमनाम्याच्या अंमलबजावणीचा अर्ज, शेरा मारून परत. दावा असो की लोकअदालत, मोजणी नकाशा हुकूमनाम्याचा भाग करून घ्या आणि हद्दीच्या दगडापासूनची अंतरं मीटरमध्ये लिहा. नकाशावर वाद असेल तर दाव्यात कोर्ट कमिशनर नेमून पुन्हा मोजून घेता येतं. लोकअदालतीत त्याला दोघांची संमती लागते.

गटकरींना अजून एक. तडजोडीत ‘याच्या बदल्यात तो देतो’ म्हणून दाव्यात नसलेला दुसरा गट (वेगळ्या गट नंबरची जमीन) घुसवतात. नोंदणीची सूट दाव्यातल्या मिळकतीपुरतीच असते. बाहेरचा गट आला की मुद्रांक भरून दस्त नोंदवावा लागतो, नाहीतर फेरफाराला तलाठ्याकडे गेल्यावर कळतं.

गटकरी
नकाशाचं पटलं. पण समोरचा मोजणीच्या दिवशी शेतात आला, पंचनाम्यावर सही केली, तर मी अजूनही दावा लावणार नाही.

निशाणी५
सही केली, तर. मुदतीचं कॅलेंडर तेवढं भिंतीवर लावून ठेवा.